गुप्तवार्ताप्रमुखाची जबाबदारी

हेर हा शब्द उच्चारला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें वेष पालटून शत्रूच्या गोटांत शिरणारा, भिंतीला कान लावणारा, प्राणांवर उदार झालेला कोणी तरी साहसी पुरुष उभा राहतो. कादंबऱ्यांनीं आणि चित्रपटांनीं ही मूर्ति इतकी ठसठशीत करून ठेविली आहे कीं, हेरखात्याचा मुख्य अधिकारी म्हणजे अशा साहसी पुरुषांचा मेरुमणि, असाच समज सर्वत्र रूढ झाला आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. एखाद्या राष्ट्राच्या लष्करी गुप्तवार्तांचें खातें ज्याच्याकडे सोंपविलेलें असतें, तो बहुधा मेजापाशीं बसून कागद वाचणारा मनुष्य असतो. बातमी आणणें हें त्याच्या हाताखालच्या शेंकडों माणसांचें काम. त्या बातमीचा अर्थ काय, हें राज्यकर्त्यांना सांगणें हें त्याचें. या दोहोंपैकीं दुसरें काम किती कठीण आहे, हें ज्या एका प्रसंगानें जगाला दाखवून दिलें, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रसंग इस्रायलमधील आहे आणि साल आहे १९७३.

इस्रायलच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाला त्याच्या हिब्रू नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘अमान’ असें म्हणतात. त्याचा प्रमुख हा जनरलच्या दर्जाचा सेनाधिकारी असून तो सरसेनापतीच्या आज्ञेंत असतो. शत्रूच्या बिनतारी संदेशांवर अहोरात्र कान ठेवणारें पथक, विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें वाचणारे जाणते लोक, परदेशीं वकिलातींत असणारे लष्करी प्रतिनिधि, या सर्वांकडून आलेला मजकूर तपासून त्याचा निष्कर्ष काढणारी संशोधनशाखा, इतकेंच नव्हे तर वृत्तपत्रांतील लष्करी मजकुरावर नियंत्रण ठेवणारा अधिकारीहि याच विभागांत मोडत असे. येथवर नवल कांहीं नाहीं. अशीं खातीं सर्वच मोठ्या सैन्यांत असतात. इस्रायलमधील वैशिष्ट्य असें होतें कीं, शेजारचीं राष्ट्रें युद्ध करतील किंवा कसें, हा सबंध राष्ट्राच्या जीवनमरणाचा अंदाजहि मंत्रिमंडळाला हाच लष्करी अधिकारी देत असे. ‘मोसाद’ ही परदेशांत हेरगिरी करणारी संस्था स्वतंत्र होती व ती थेट पंतप्रधानांना जबाबदार होती. परंतु तिचें काम मुख्यतः बातमी मिळविण्याचें. बातमी तोलून पाहणारी सबळ शाखा तिच्यापाशीं त्या वेळीं नव्हती, आणि परराष्ट्रखात्यापाशीं तर नव्हतीच. म्हणजे साक्षीदार अनेक, पण न्यायाधीश एकच, आणि त्याच्यावर अपील नाहीं, अशी ही व्यवस्था होती.

या पदाचा पूर्वेतिहास मोठा बोलका आहे. पहिला प्रमुख इसेर बेएरी. १९४८ च्या युद्धांत त्याच्या अमदानींत मेयर टोबियान्स्की नांवाच्या एका अधिकाऱ्यावर फितुरीचा आळ आला. ३० जून १९४८ रोजीं रणांगणावरील घाईच्या न्यायासनापुढें त्याची चौकशी झाली आणि त्याच दिवशीं त्याला गोळी घालण्यांत आली. पुढें तो निर्दोष असल्याचें सिद्ध झालें, आणि बेएरी याजवर खटला होऊन त्याला एका दिवसाची, केवळ नांवाची, शिक्षा झाली. टोबियान्स्कीच्या विधवेला या एका दिवसाचें काय वाटलें असेल, तें तिलाच ठाऊक.

दुसरी एक गोष्ट नभोवाणीच्या श्रोत्यांना विशेष मनोरंजक वाटेल. १ एप्रिल १९५९ रोजीं इस्रायलच्या नभोवाणीवरून राखीव सैनिकांना बोलावणारे सांकेतिक शब्द एकाएकीं उच्चारले जाऊं लागले. ती वास्तविक एक तालीम होती. परंतु ती तालीम आहे हें जनतेला कोणी नीट सांगितलें नाहीं. तेव्हां सर्व देशांत युद्ध सुरू झाल्याची हाकाटी उठली, आणि शेजारच्या देशांतहि खळबळ माजली. त्यावरून चौकशी होऊन तत्कालीन गुप्तवार्ताप्रमुख यहोशाफात हार्काबी यांना आपलें पद सोडावें लागलें. हार्काबी हे अत्यंत विद्वान् गृहस्थ. अरबी भाषेचे आणि राजकारणाचे गाढे अभ्यासक. पण खोट्या घंटेचें पाप त्यांच्या माथीं बसलें. ही आठवण त्या खात्यांत पुढेंहि राहिली असल्यास आश्चर्य नाहीं.

१९६४ पासून १९७२ पर्यंत अहरोन यारीव्ह हे या पदावर होते. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धांत त्यांच्या खात्यानें शत्रूच्या विमानतळांची आणि सैन्यरचनेची इतकी बिनचूक माहिती पुरविली कीं, ‘अमान’चा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य अशी त्या देशांत कीर्ति झाली. ही कीर्ति यारीव्ह यांच्या हातून १९७२ च्या ऑक्टोबरांत जनरल एली झेइरा यांच्या हातीं आली.

झेइरा हे पूर्वी छत्रीधारी सैन्यांत पराक्रम केलेले, वॉशिंग्टनमध्यें लष्करी प्रतिनिधि म्हणून राहिलेले, तल्लख बुद्धीचे आणि ठाम बोलणारे अधिकारी होते. त्यांची आपल्या पदाविषयींची एक निश्चित कल्पना होती. गुप्तवार्ताप्रमुखानें सरसेनापतीपुढें संदिग्ध अहवाल ठेवूं नये; ‘असेंहि होईल, तसेंहि होईल’ असें म्हणून स्वतः सुरक्षित राहूं नये; एकच स्पष्ट अंदाज द्यावा, आणि तो चुकला तर स्पष्टपणें चुकावा, असें त्यांचें म्हणणें असे. ऐकतांना हें मत किती मर्दानी वाटतें! शाळेंतील परीक्षकालाहि असेंच उत्तर आवडतें. पण परीक्षेंतील उत्तर चुकलें तर चार गुण जातात. येथें काय जातें, तें पुढें दिसेलच.

त्या वेळीं ‘अमान’मध्यें एक सिद्धान्त सर्वमान्य झाला होता. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांना १९६७ मध्यें गमावलेला सिनाई प्रांत परत हवा आहे, हें उघड होतें. परंतु इस्रायलच्या विमानदळाला त्याच्या घरीं जाऊन ठोकणारीं दूर पल्ल्याचीं विमानें आणि तेल अवीवपर्यंत पोंचणारीं क्षेपणास्त्रें हातीं आल्याखेरीज इजिप्त युद्धास उभा राहणार नाहीं. आणि इजिप्तवांचून सिरिया एकटा उठणार नाहीं. असा तो सिद्धान्त होता. हा हवेंतला तर्क नव्हता. सादात यांनीं रशियाकडे केलेल्या मागण्यांचे अस्सल कागद इस्रायलला मिळालेले होते. ते देणारा मनुष्य होता अश्रफ मारवान, म्हणजे इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष नासर यांचा प्रत्यक्ष जांवई! एवढ्या मोठ्या घरांतील साक्ष मिळाल्यावर सिद्धान्ताविषयीं शंका कोणी घ्यावी?

आणि तो सिद्धान्त खराहि होता. मात्र १९७२ च्या शरदापर्यंत. त्या वर्षीं जुलै महिन्यांत सादात यांनीं हजारों रशियन सल्लागारांना देशाबाहेर काढलें. पुढें ऑक्टोबर महिन्यांत त्यांनीं आपल्या सेनापतींना एकत्र बोलावून, जीं साधनें हातांत आहेत तेवढ्यांवरच युद्ध करावयाचें असा आपला निश्चय सांगितला. ज्यांना तो रुचला नाहीं, त्या युद्धमंत्री सादिक यांना घरीं बसविलें व त्यांच्या जागीं अहमद इस्माईल अली यांना आणलें. नवा बेत आटोपशीर होता. सबंध सिनाई जिंकावयाचा नाहीं; सुएझ कालवा ओलांडून पलीकडच्या कांठावर कांहीं मैलांची पट्टी धरून बसावयाचें, तीहि आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राखालीं. मग दूर पल्ल्याच्या विमानांची गरजच काय उरली? ज्या महिन्यांत झेइरा यांनीं आपल्या आसनावर बसून तो सिद्धान्त वारशानें स्वीकारला, नेमक्या त्याच महिन्यांत कैरो शहरीं त्या सिद्धान्ताचें मूळ तोडलें गेलें. योगायोग म्हणावा तर तो असा.

१९७३ च्या वसंतांत एकदां युद्धाची हूल उठली. सरसेनापति डेव्हिड एलाझार यांनीं सावधगिरी म्हणून सैन्याची मोठी तयारी केली व तिला पुष्कळ खर्च आला. झेइरा मात्र प्रथमपासून सांगत होते कीं, युद्धाची शक्यता अल्प आहे. युद्ध झालें नाहीं. तेव्हां एलाझार यांचा पैसा गेला आणि झेइरा यांचें वजन वाढलें. या एका यशानें त्यांचें जितकें नुकसान केलें, तितकें दहा अपयशांनीं केलें नसतें. ‘मी सर्वांच्या विरुद्ध एकटा बरोबर ठरलों’ ही आठवण मोठी मादक असते, आणि पुढच्या वेळीं माणूस त्या आठवणीच्याच आधारानें निर्णय घेऊं लागतो.

आतां सप्टेंबर उजाडला. १३ तारखेस आकाशांत चकमक होऊन सिरियाचीं बारा विमानें पडलीं. त्यानंतर सिरियाचें सैन्य गोलानच्या पठारासमोर गोळा होऊं लागलें, तेव्हां विमानें पडल्याचा हा राग आहे, असा अर्थ लावण्यांत आला. २५ तारखेस जॉर्डनचे राजे हुसेन हे गुप्तपणें इस्रायलमध्यें आले आणि त्यांनीं पंतप्रधान गोल्डा मेयर यांना समक्ष सांगितलें कीं, सिरियाचें सैन्य चढाईच्या पवित्र्यांत उभें आहे; आणि सिरिया व इजिप्त हे एकमेकांना सहकार्य करतील असें वाटतें. शेजारच्या देशाचा राजा स्वतःचा जीव धोक्यांत घालून येतो आणि असें सांगतो! तरीहि यांत नवीन कांहीं नाहीं, असें ठरलें.

१ ऑक्टोबरला इजिप्तच्या सैन्याची कालव्याच्या कांठीं मोठी कवाईत सुरू झाली. अशा कवाइती पूर्वींहि झाल्या होत्या. राखीव शिपाई बोलवावयाचे आणि परत पाठवावयाचे, हा क्रम इजिप्तनें त्या वर्षीं इतक्या वेळां चालविला होता कीं, पाहणाऱ्याची नजर बोथट व्हावी. त्याच दिवशीं इस्रायलच्या दक्षिण विभागांत काम करणाऱ्या बिन्यामिन सीमान-तोव्ह नांवाच्या एका तरुण लेफ्टनंटनें आपल्या वरिष्ठांना एक टिपण लिहून दिलें. कवाईत हें निव्वळ ढोंग असून त्याच्या आड खऱ्या युद्धाची तयारी चालली असावी, असें त्यानें त्यांत कारणें देऊन दाखविलें होतें. ३ तारखेस त्यानें दुसरें टिपण दिलें. वरिष्ठानें तीं दोन्ही टिपणें आपल्याच पेटींत ठेविलीं. मुख्य कचेरीचें मत कवाईत खरी असल्याचें होतें, मग विरुद्ध मताचा कागद वर कशाला धाडावा? झेइरा यांना तीं टिपणें युद्ध होऊन गेल्यावरच समजलीं.

यांत झेइरा यांचा दोष कोणता, असें कोणी विचारील. कागद त्यांच्यापर्यंत आलाच नाहीं, हें खरें. पण तो कां आला नाहीं? खात्याचा प्रमुख इतक्या निश्चयानें बोलत असतां, खालच्या कारकुनापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला काय लिहिलेलें चालेल आणि काय चालणार नाहीं, हें न सांगतां कळत असतें. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’मधील दुर्मुख हा हेर सीतेविषयींचा लोकापवाद ऐकून येतो, तेव्हां त्याची जीभ अडखळते; पण रामचंद्र विचारतात म्हणून तो अखेर बोलतो. येथें विचारणारा कोणी नव्हता.

४ ऑक्टोबरच्या रात्रीं एक विलक्षण गोष्ट घडली. रशियानें आपल्या सल्लागारांचीं बायकामुलें इजिप्त आणि सिरिया या दोन्ही देशांतून घाईघाईनें विमानांत घालून परत नेण्यास आरंभ केला. ५ तारखेस सकाळीं विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत कालव्याच्या पश्चिम कांठीं पूर्वी कधींहि नव्हत्या इतक्या तोफा दिसल्या. झेइरा यांना रशियन कुटुंबांच्या प्रयाणाचा उलगडा होईना, आणि तसें त्यांनीं प्रांजळपणें सांगितलेंहि. रशियाला अरबांचा बेत कळला असेल, इस्रायलच हल्ला करील अशी भीति वाटली असेल, किंवा अरबांशीं त्याचें बिनसलें असेल, असे तीन तर्क त्यांनीं मांडले. सरसेनापतींनीं सबंध खड्या सैन्याला सर्वांत वरच्या दर्जाची सावधगिरीची आज्ञा दिली. परंतु राखीव सैन्य बोलावलें नाहीं. कारण अखेरचा निष्कर्ष तोच होता.

त्या दिवशीं ‘अमान’नें काढलेलें पत्रक आजहि अभ्यासण्यासारखें आहे. त्याच्या कलमामागून कलमांत इजिप्तच्या तयारीचा तपशील आहे. इतका पूर्ण कीं वाचणाऱ्याला पुढचें वाक्य ‘उद्यां युद्ध’ असेंच असेल असें वाटावें. आणि मग येतें चाळिसावें कलम. त्यांत म्हटलें आहे कीं, कालव्यावरील मांडणींत चढाईचीं चिन्हें वरकरणीं दिसत असलीं तरी, दोन्ही बाजूंच्या बळाविषयीं इजिप्तच्या मताला कांहीं फेरफार झालेला दिसत नाहीं. म्हणून युद्धाची शक्यता अल्प. एकोणचाळीस कलमें डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींचीं, आणि एक कलम शत्रूच्या मनांतील. आणि त्या एकानें उरलेल्या सर्वांना झोपविलें!

‘शक्यता अल्प’ या दोन शब्दांचें वजन ध्यानांत येण्यासाठीं इस्रायलच्या सैन्याची घडण माहीत हवी. तें राष्ट्र लहान. त्याचें खडें सैन्य बेताचें, आणि खरें बळ राखीव सैन्यांत. शिक्षक, शेतकरी, मोटार हांकणारे, दुकानदार यांनीं आपापलें काम टाकून, गणवेष चढवून, आघाडीवर जावयाचें. त्याला वेळ लागतो. गुप्तवार्ता विभाग निदान ४८ तास आधीं सूचना देईल, या एका भरंवशावर संरक्षणाची सारी इमारत उभी होती. कालव्यावरील ठाण्यांत त्या दिवशीं अवघे सुमारें ४५० शिपाई होते, आणि गोलानवर १७७ रणगाडे. तेथें समोर सिरियाचे सुमारें १,४०० होते. म्हणजे झेइरा यांचें वाक्य हें नुसतें मत नव्हतें. ती सैन्याची जागा भरून काढणारी वस्तु होती.

याहून गंभीर अशा दोन गोष्टी पुढें उघडकीस आल्या. इजिप्तच्या तारायंत्रांच्या वाहिन्यांवर कान ठेवण्यासाठीं इस्रायलनें महत्प्रयासानें व खर्चानें कांहीं गुप्त यंत्रें बसविलीं होतीं. ऐन संकटाच्या वेळीं वापरावयाचीं, म्हणून तीं राखून ठेविलेलीं होतीं. तीं चालू आहेत असें सरसेनापति एलाझार आणि संरक्षणमंत्री मोशे दायान हे दोघेहि समजत होते, आणि यंत्रांकडून कांहीं अशुभ कळत नाहीं यावरून त्यांना धीर येत होता. वास्तविक थोडी चांचणी सोडल्यास झेइरा यांनीं तीं चालूच केलीं नव्हतीं. शत्रूला सुगावा लागून तीं कायमचीं हातचीं जातील, अशी त्यांना धास्ती होती. दुसरी गोष्ट अशी कीं, ५ तारखेच्या सायंकाळीं मॉस्कोमधील इराकी राजदूताचा एक संदेश पकडला गेला, व त्यांत रशियन कुटुंबें परत नेण्याचें कारण येऊं घातलेलें युद्ध हेंच दिलेलें होतें. तो संदेश झेइरा यांनीं सरसेनापतींना त्या रात्रीं कळविला नाहीं. अंदाज चुकणें हें मनुष्यधर्मांत बसतें. परंतु ज्या वार्तेवरून दुसऱ्याला आपला अंदाज तपासतां आला असता, ती वार्ताच अडवून ठेवणें, हें कोणत्याहि गुप्तवार्ताप्रमुखाच्या अधिकारांत बसत नाहीं. येथें झेइरा यांचा बचाव करणें कठीण आहे.

त्याच रात्रीं लंडनमध्यें मारवान यानें ‘मोसाद’चे प्रमुख झ्वी झमीर यांची गांठ घेऊन सांगितलें कीं, युद्ध उद्यांच, सायंकाळीं, दोन्ही आघाड्यांवर. पहाटे ही बातमी तेल अवीवला पोंचली. सिद्धान्त ज्याच्या कागदांवर उभारला गेला, त्यानेंच तो पाडला. मारवाननें पूर्वीं दोनदां युद्धाच्या खोट्या तारखा दिल्या होत्या, म्हणून झेइरा यांना याहि वेळीं शंका होतीच. दिवस यहुद्यांच्या योम किप्पूरचा, म्हणजे उपवासाचा आणि प्रार्थनेचा. रस्त्यांवर वाहन नाहीं, नभोवाणी बंद. एलाझार यांनीं आधींच विमानहल्ला करण्याची व सर्व राखीव सैन्य बोलावण्याची परवानगी मागितली. गोल्डा मेयर यांनीं विमानहल्ल्यास नकार दिला, आणि सैन्य बोलावण्यास संमति दिली. सायंकाळ म्हणून जी सांगितली होती ती वेळ दुपारीं दोनच्या सुमारासच आली. ४८ तासांच्या ठिकाणीं दहा तास मिळाले होते.

पुढील रणकथा सर्वश्रुत आहे. इजिप्तच्या सैन्यानें पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनीं वाळूचे बंधारे धुऊन काढले, पूल टाकले आणि कालवा ओलांडला. गोलानवर सिरियाचे रणगाडे कांहीं ठिकाणीं पार आंत शिरले. कांहीं दिवसांनीं पारडें फिरलें, आणि इस्रायलचें सैन्य उलट कालवा ओलांडून इजिप्तच्या भूमींत उतरलें. परंतु त्या अठरा-एकोणीस दिवसांत इस्रायलचे सुमारें २,६०० सैनिक पडले. अरबांचे याहून पुष्कळच अधिक. लहान देशांत एवढीं प्रेतें म्हणजे प्रत्येक गल्लींत एक सुतकी घर.

सरन्यायाधीश शिमोन अग्रानात यांच्या अध्यक्षतेखालीं १९७३ च्या नोव्हेंबरांत चौकशी-आयोग नेमण्यांत आला. त्यानें १ एप्रिल १९७४ रोजीं आपला पहिला अहवाल दिला. त्याप्रमाणें झेइरा यांना पद सोडावें लागलें; त्यांचे संशोधनशाखेचे प्रमुख आर्ये शालेव्ह, इजिप्तविषयक शाखेचे प्रमुख, आणि ती दोन टिपणें पेटींत ठेवणारा अधिकारी, हेहि दूर झाले. सरसेनापति एलाझार यांनाहि जावें लागलें. दोनच वर्षांनीं, १९७६ मध्यें, ते हृदयविकारानें वारले. मंत्र्यांवर आयोगानें ठपका ठेविला नाहीं. लोकांना हें मानवलें नाहीं. रणांगणावरून परत आलेले शिपाई निदर्शनें करूं लागले, आणि त्याच एप्रिल महिन्यांत गोल्डा मेयर यांनीं राजीनामा दिला. सेनाधिकाऱ्यांना शासन आणि मंत्र्यांना सूट, हा न्याय कित्येकांना आजहि एकांगी वाटतो, आणि तसा तो आहेहि. ज्या मंत्र्यांनीं अंदाज सांगण्याचा मक्ता एकाच खात्याला देऊन ठेविला होता, ते त्या मक्त्याच्या फळांतून सुटावे कसे?

आयोगाच्या शिफारशींचा रोख नेमका या मक्त्यावर होता. ‘मोसाद’नें स्वतःची संशोधनशाखा वाढवावी, परराष्ट्रखात्यानेंहि तसें करावें, म्हणजे मंत्रिमंडळापुढें एकाहून अधिक मतें येतील. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत परस्परांना न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली म्हणजेच ती विश्वसनीय मानावी, असें सांगून ठेविलें आहे. त्याचा नियम बातमीपुरता होता. इस्रायलला तो बातमीच्या अर्थालाहि लावावा लागला. खुद्द ‘अमान’मध्यें एक लहानशी तपासणी-शाखा स्थापन झाली. तिचें काम एकच: खात्याचें जें मत असेल त्याच्या विरुद्ध बाजू हट्टानें मांडणें. यहुदी शास्त्रचर्चेंतील ‘उलटच संभवतें’ अशा अर्थाच्या एका अरमाईक वचनावरून तिला लोक ओळखूं लागले. आपल्याकडील वादसभेंत पूर्वपक्ष मांडणाऱ्या पंडिताला जसें स्थान असे, तसेंच हें. शाखेंतील अधिकाऱ्याला आपलें टिपण थेट वरपर्यंत पाठविण्याची मुभा देण्यांत आली.

झेइरा यांनीं १९९३ मध्यें पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. मारवान हा दुटप्पी हेर असून इजिप्तनें त्याच्याच हातून इस्रायलला फसविलें, असें त्यांचें प्रतिपादन. झमीर यांनीं तें साफ नाकारलें, आणि झेइरा यांनींच त्या हेराचें नांव फोडलें असा उलट आरोप केला. वाद निवृत्त न्यायाधीश थिओडोर ऑर यांच्यापुढें गेला. त्यांनीं २००७ मध्यें झमीर यांच्या बाजूनें कौल दिला. त्याच वर्षीं २७ जूनला मारवान लंडनमधील आपल्या घराच्या सज्जांतून खालीं पडून मरण पावला. तो पडला कीं त्याला कोणी ढकललें, हें तेथील चौकशींतहि ठरूं शकलें नाहीं.

या हकीकतीला दुर्दैवानें एक नवें प्रकरण जोडावें लागतें. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं, जुन्या प्रसंगाला पन्नास वर्षें पुरीं होऊन एक दिवस झाला असतां, हमासच्या सशस्त्र टोळ्या गाझाचें कुंपण तोडून इस्रायलमध्यें शिरल्या. सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं आणि अडीचशेंच्या वर माणसें पळवून नेण्यांत आलीं. त्यानंतर जें युद्ध पेटलें त्यांत गाझामधील हजारों माणसें प्राणांस मुकलीं. अशा हल्ल्याचा हमासनें आंखलेला बेत ‘अमान’च्या हातीं एक वर्षाहून अधिक काळ होता, आणि तो त्यांच्या शक्तीबाहेरचा मानला गेला होता. १९७३ मधील लेफ्टनंटाच्या जागीं या खेपेस बिनतारी संदेश ऐकणाऱ्या पथकांतील एक अनुभवी स्त्री-अधिकारी होती. हमासच्या कवाइती त्या बेताशीं तंतोतंत जुळतात, असें तिनें जुलै महिन्यांत लिहून कळविलें होतें. सिद्धान्तहि तयार होता: हमासला तूर्त शांतता आणि रोजगार हवा आहे, त्याला युद्ध नको.

या वेळचे गुप्तवार्ताप्रमुख होते जनरल अहरोन हालिव्हा. तपासणी-शाखा होती, ‘मोसाद’ची संशोधनशाखा होती, अग्रानात आयोगाचा अहवालहि होता. हालिव्हा यांनीं २२ एप्रिल २०२४ रोजीं राजीनामा दिला, आणि आपल्या खात्यावर सोंपविलेलें कार्य त्याच्या हातून पार पडलें नाहीं, असें त्यांत लिहिलें. ऑगस्ट महिन्यांत जनरल श्लोमी बिंदर यांनीं त्यांच्याकडून सूत्रें घेतलीं.